अकरातले सात

रंगमंचावर अर्धवर्तुळात अकरा खुर्च्या, प्रत्येकीपाशी पाण्याची बाटली, आणि खुर्च्यांवर झ्युरिखच्या एका नाटक कंपनीतले अकरा नट-नट्या. एका बाजूला साउंडच्या टेबलामागे दुभाषी बसलाय, ख्रिस वाइनहाइमर. तो सांगतो, जेरोमनं, म्हणजे दिग्दर्शक जेरोम बेलनं, प्रत्येकाला आपल्या आवडीच्या गाण्यावर स्वतःचा नाच बसवायला सांगितला होता. अकरा नाच बसले. त्यातले सात जेरोमनं निवडले.

मग ते सात नाच होतात, एकामागून एक. उरलेले चौघं उठून आत जात नाहीत. तिथेच खुर्चीत बसून, आपल्यादेखत, बाकीच्यांचे नाच बघतात.

डॉक्युमेंटरी शिकायला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी हे प्रकरण देतो. ‘सर, हे तर नाटक आहे, फिल्म कुठंय?’ असं कुणीतरी विचारतंच. खरं आहे, हे नाटक आहे. नाव ‘डिसेबल्ड थिएटर’, पहिला प्रयोग मे २०१२, ब्रसेल्स. पण इथे कुणी पात्र नाही. माणसं स्वतःच्या नावानं येतात, स्वतःचं वय सांगतात, स्वतःचा नाच नाचतात. आणि आपण एडिट टेबलवर दार लावून जे करतो, म्हणजे कोण राहणार आणि कोण जाणार, ते इथे प्रेक्षकांसमोर मोठ्यानं सांगून केलेलं आहे. डॉक्युमेंटरी करणाऱ्याला याहून अवघड आरसा मला तरी सापडलेला नाही.

आधीची हकिगत

‘थिएटर होरा’ ही कंपनी झ्युरिखमध्ये १९९३ साली मिखाएल एल्बर यांनी सुरू केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांची ही व्यावसायिक कंपनी आहे. व्यावसायिक हा शब्द महत्त्वाचा. शनिवारी दुपारचा छंदवर्ग नव्हे. ही माणसं रोज तालमीला येतात, प्रयोग करतात, दौऱ्यावर जातात. सगळ्यांना डाऊन सिंड्रोम आहे असं नाही, पण काहींना आहे, आणि या प्रकरणातली दोन ठळक नावं, ज्युलिया हॉयझरमान आणि डेमियन ब्राइट, त्यांतलीच.

जेरोम बेल हा फ्रेंच नृत्यदिग्दर्शक. ‘नाच कमी आणि बोलणं जास्त’ अशी त्याची ख्याती. २००४ साली त्यानं पॅरिस ऑपेराच्या व्हेरोनिक दुआनो या निवृत्तीला आलेल्या नर्तिकेला एकटीला त्या अवाढव्य रंगमंचावर उभं केलं. तिनं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये मुख्य नर्तिका नाचत असताना मागे पुतळ्यासारखं उभं राहणं कसं असतं ते करून दाखवलं. गर्दीतल्या माणसाला पुढे आणायचं आणि त्याचं काम त्याच्याच तोंडून ऐकायचं, ही बेलची रीत तेव्हापासूनची. होराकडून विचारणा झाली तेव्हा तो आधी नाही म्हणाला. मग त्यांच्या नाटकांच्या डीव्हीडी मागवल्या, पाहिल्या, आणि गेला.

त्याला जर्मन येत नव्हतं. नटांना फ्रेंच नाही, इंग्रजी जेमतेम. म्हणून तालमीत दुभाषी आला, आणि तालमीतला दुभाषी प्रयोगातही राहिला. प्रयोगाचा सगळा सांगाडा त्याच्या वाक्यांवर उभा आहे: जेरोमनं पहिल्यांदा हे करायला सांगितलं. मग ते. मग ते. जेरोम स्वतः कुठेच दिसत नाही.

एक मिनिट

पहिली सूचना अशी: एकेकानं पुढे यायचं आणि प्रेक्षकांसमोर एक मिनिट उभं राहायचं. काही बोलायचं नाही, काही करायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. घरात कुणाला तरी समोर उभं करून घड्याळ लावून बघा. वीस सेकंदांत हसू फुटतं, तिसाव्याला हात कुठे ठेवावे ते कळत नाही. हे नट एकेक करून येतात. कुणी काही सेकंदांत ‘झालं’ म्हणून पाठ फिरवतो, कुणी मिनिट उलटलं तरी हलायला तयार नाही आणि त्याला आभार मानून परत बोलवावं लागतं. घड्याळ प्रत्येकाचं आपापलं.

माझ्या मते पूर्ण प्रयोगातली सगळ्यात धीट जागा हीच, नाचांपेक्षाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाकडे एक मिनिट सलग बघायची मुभा आपल्याला कुठे असते? बसमध्ये, लग्नात, डॉक्टरच्या बाकड्यावर आपण एकदा बघतो आणि पटकन नजर वळवतो. बघितलं तर उद्धटपणा, नाही बघितलं तर तोही एक प्रकारचा उद्धटपणाच. इथे तिकीट काढून बसलोय, समोरचा माणूस उभा आहे, आणि तोही आपल्याकडे बघतोय. पहिल्या काही सेकंदांत चेहऱ्याची ठेवण दिसते: डोळ्यांचे तिरके कोपरे, बसकं नाक, तोकडी मान. मग ती दिसेनाशी होते आणि एक कंटाळलेला, किंवा लाजलेला, किंवा मजेत असलेला माणूस दिसायला लागतो. ज्याला फ्रेम लवकर तोडायची सवय आहे त्यानं हे मिनिट मोजून बघावं.

दुसरी सूचना: नाव, वय आणि व्यवसाय सांगा. बहुतेकांचं उत्तर एकच, नट. ‘मला नाटकात काम करायला आवडतं’ असं कुणी म्हणत नाही. नट.

तिसरी सूचना ऐकून सभागृहात चुळबुळ होते: तुमची अक्षमता काय ते सांगा. डेमियन ब्राइट सांगतो, मला ट्रायसोमी २१ (डाऊन सिंड्रोमचंच दुसरं नाव) आहे, म्हणजे इथे बसलेल्या तुमच्यापेक्षा माझ्यात एक गुणसूत्र जास्त आहे. शाळेत समजावून सांगतात तसं, पण ‘तुमच्यापेक्षा जास्त’ म्हणताना आवाजात किंचित मिजास. एकीनं हेच सांगून वर माफी मागितली. एकीनं स्वतःसाठी ‘मंगोल’ हा डाऊन सिंड्रोम असलेल्यांसाठीचा जुना शब्द शिवीच्या जोडीनं वापरला आणि त्यानं दुखतं हेही सांगितलं. हा शब्द जॉन लँग्डन डाऊन या इंग्लिश डॉक्टरच्या १८६६च्या वर्गीकरणातला. मंगोलियानंच हरकत घेतल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो सोडून दिला. शाळेच्या पटांगणात तो पुढेही चालूच राहिला, जसा आपल्याकडे ‘वेडगळ’ राहिला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. रंगमंचावर डॉक्टर नाही, आई नाही, बाई नाहीत. आपल्या साच्यातल्या डॉक्युमेंटरीत याच ठिकाणी एक तज्ज्ञ येतात. मागे पुस्तकांचं कपाट असतं आणि ते सांगतात की या मुलांचे स्नायू जन्मतः सैल असतात, सांधे जास्त वाकतात, निम्म्याच्या आसपास मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, काहींच्या मानेचे वरचे दोन मणके ढिले असतात म्हणून तपासणीशिवाय कोलांट्या घालू देऊ नयेत. हे सगळं खरं आहे आणि नाच शिकवणाऱ्याला पाठ असायलाच हवं. पण ते पडद्यावर आलं की पुढचा अर्धा तास आपण नाच बघत नाही, स्नायू बघतो. बेलनं ते बाहेर ठेवलं, आणि त्याची किंमतही मोजली. कित्येक प्रेक्षकांना वाटत राहिलं की यांना काय चाललंय ते समजत तरी असेल का. तसं आश्वासन देणारं माणूस रंगमंचावर कुणी नव्हतं.

नाच

आपल्या विशेष शाळांचं स्नेहसंमेलन ज्यांनी पाहिलंय त्यांना विंगेतल्या बाई ठाऊक असतील. पदर खोचून त्या पडद्याआड सगळा नाच करत असतात आणि स्टेजवरची मुलं प्रेक्षकांकडे नाही, विंगेकडे बघत असतात. याला कारण आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच जणांना ऐकलेलं लगेच धरून ठेवणं जड जातं, पाहिलेलं मात्र चांगलं टिकतं. पण कारण कितीही चांगलं असलं तरी त्या नाचाचं मालक कोण, हे मुलांची नजर कुठे आहे त्यावरून कळतं.

होराच्या नाचांत विंगेत कुणी नाही. गाणं त्यांचं, पावलं त्यांची. नृत्यदिग्दर्शक असून बेलनं एकही हालचाल बसवून दिलेली नाही. ज्युलिया हॉयझरमान मायकल जॅक्सनच्या ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’वर नाचते. तिनं तो व्हिडिओ शेकडो वेळा पाहिला असणार, कारण त्याच्या लकबी तिच्या अंगात मुरल्या आहेत. पण ती नक्कल करत नाही. कुठलीही विशीतली मुलगी खोलीचं दार लावून आरशासमोर जशी नाचेल तशी ती नाचते, सगळा जीव ओतून आणि जरा जास्तच. गाण्याच्या नावाकडे बोट दाखवायची गरज बेलला पडली नाही, मलाही पडू नये.

चौघं

सात नाच संपले की पुढची सूचना येते: या प्रयोगाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते सांगा. नाटकातल्या माणसांना नाटकातच नाटकाबद्दल विचारलंय. एक जण सांगतो, आईला हा विचित्र माणसांचा खेळ वाटला, पण आवडला. जत्रेत दोन रुपयांत ‘धड नसलेली बाई’ दाखवणारे तंबू ज्यांना आठवतात त्यांना त्या आईला काय म्हणायचंय ते बरोबर कळेल. दुसरा सांगतो, प्रयोगानंतर बहीण गाडीत रडली. आम्हाला जनावरांसारखं मांडलंय असं तिला वाटलं.

आणि जानी ब्लूमर. तो म्हणतो, मला सातांत घेतलं नाही हे मला आवडलं नाही.

यावर दुभाषी सांगतो: जेरोमनं विचार बदलला. उरलेल्या चौघांचेही नाच होतील. होतात. जानीही नाचतो. सगळे वाकून नमस्कार करतात. प्रयोग संपतो.

वर्गात मी इथे थांबतो आणि विचारतो, काय झालं? पहिलं उत्तर ठरलेलं असतं: दिग्दर्शकाची चूक झाली, त्यानं ती सुधारली, अन्याय दूर झाला. मग मी सांगतो की हा प्रयोग ब्रसेल्सनंतर फ्रान्समध्ये आविन्योंच्या नाट्यमहोत्सवात झाला, जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात झाला, पुढे बर्लिन, न्यूयॉर्क, कुठे कुठे झाला. प्रत्येक रात्री आधी सातच नाच. प्रत्येक रात्री जानीची तक्रार. प्रत्येक रात्री जेरोमचा विचार बदलतो. वर्ग गप्प होतो.

मला या प्रकरणात जे सांगायचंय ते नेमकं इथे आहे. तालमीत तक्रार खरी झाली असेल. पण पन्नासाव्या प्रयोगात ती तक्रार जानी ब्लूमर करत असतो, त्याच जागी, तेवढ्याच घुश्शात. जे एकदा लागलं ते रोज रात्री ठरल्या वेळी पुन्हा लागलंय असं दाखवायचं, याला आपल्याकडे अभिनय म्हणतात. दुसऱ्या सूचनेत त्यांनी आपला व्यवसाय नट सांगितला तेव्हा आपण कौतुकानं हसलो होतो. तो खरंच त्यांचा व्यवसाय होता, आणि त्याचा पुरावा आपल्याला आपण सर्वांत हळहळलो त्या जागी मिळतो.

म्हणून ‘यांचा वापर करून घेतलाय का?’ या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही. प्रश्न रास्त आहे आणि समीक्षकांनी तो तावातावानं विचारलाही. दिग्दर्शक परका, त्यांची भाषा न येणारा, आणि प्रयोगात हुकूम त्याचाच. जानीची तक्रार ठेवायची हेही त्यानंच ठरवलं. आपल्याविरुद्धची तक्रार आपणच मांडून दाखवणारा दिग्दर्शक किती उदार आणि किती हुशार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही. पण निवड लपवलेली नाही, एवढं त्याच्या पदरात टाकतो. आपण फिल्मवाले सात नाच दाखवतो आणि आणखी चार नाच होते हे कुणाला कळूही देत नाही.

बक्षीस

बर्लिनच्या थिएटरट्रेफेन महोत्सवात जर्मनभाषक देशांतली वर्षभरातली दहा उल्लेखनीय नाटकं बोलावतात. २०१३ साली, महोत्सवाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यात हे नाटक होतं. तरुण नटासाठीचा आल्फ्रेड केर पुरस्कार त्या वर्षी ज्युलिया हॉयझरमानला मिळाला. या पुरस्काराचा परीक्षक एकच असतो. त्या वर्षी थोमास थीमे हे नावाजलेले नट होते. लगेच वाद झाला: ती तर स्वतःच होती, मग अभिनय कुठला?

हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला नवा नसावा. २०१४च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिनं स्वतःचीच भूमिका केली. दिग्दर्शन महेश लिमयेंचं. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, लहानपणची भूमिका करणाऱ्या संजना रायबरोबर. तेव्हाही थिएटरबाहेर ऐकलं होतं, ‘ती काय, जशी आहे तशीच आहे की!’ जसं आहे तसं कॅमेऱ्यासमोर राहणं, पाचव्या टेकला, लाइट पुन्हा लावल्यावर, पाण्यातून सहाव्यांदा बाहेर येताना, हे किती कठीण असतं ते ज्यानं नवख्या माणसाला ‘नॉर्मल चाला हो’ असं एकदा सांगून बघितलंय त्यालाच कळेल.

माझ्या टेबलावरचा पाचवा

आता माझं. काही वर्षांपूर्वी एका नृत्यवर्गासाठी चौदा मिनिटांची फिल्म एडिट केली होती. डाऊन सिंड्रोम असलेले नऊ जण, सगळे पंधरा ते पंचविशीतले. एकेकट्याचे नाच पाच शूट झाले होते, चार फिल्ममध्ये गेले. पाचवा एकोणीस वर्षांच्या मुलाचा. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ शूटिंगमध्ये, गाणं सुरू होतं आणि तो कमरेवर एक हात ठेवून उभा राहतो. ध्रुवपद जातं, अंतरा जातो. पापणी हलते, डाव्या पायाचा अंगठा हलतो. शेवटचं ध्रुवपद आल्यावर तो तीन पावलं टाकतो, एक गिरकी घेतो, नमस्कार करतो. एक मिनिट पन्नास सेकंद, त्यातली नाचाची बारा. मी त्याचा हसरा चेहरा चार सेकंद कटअवे म्हणून, म्हणजे दोन शॉटच्या मधे घालायला, वापरला आणि बाकीचं ठेवून दिलं. पाच मिनिटंही विचार केला नसेल.

फिल्म दाखवली त्या दिवशी जिन्यात त्याची आई भेटली.

‘दादा, आमच्याचा नाच कुठे गेला?’

मी नेहमीचं उत्तर दिलं. ताई, वेळेची मर्यादा होती, आणि त्या दिवशी तो नाचायला जरा उशीर करत होता.

‘उशीर नाही हो. गाणं आधी पूर्ण ऐकून घेतो तो. मग नाचतो. घरी पण तसंच.’

बाईंचा आवाज चढला नव्हता. मुलगा शेजारी उभा होता, माझ्याकडे बघत. रिलीज फॉर्मवर सही आईची होती. कॅमेऱ्यासमोर उभा तो राहिला होता आणि त्याला मी काहीच विचारलं नव्हतं, शूटच्या आधीही नाही आणि एडिटनंतरही नाही. वर्गाला फिल्म पसंत होती, पुन्हा एडिट करायला पैसे नव्हते. मी त्यांच्या घरच्या प्रतीत त्याचा नाच जसाच्या तसा जोडून दिला. मुख्य फिल्म तशीच राहिली, अजून तशीच आहे.

जानी ब्लूमरला निदान बोलायला जागा मिळाली होती, दुभाषी होता, आणि ‘विचार बदलला’ म्हणायची सोय प्रयोगात ठेवलेली होती. माझ्या चौदा मिनिटांत तशी जागाच नव्हती.

होरानं पुढे जे केलं ते याच धाग्यावर आहे. २०१३पासून त्यांनी ‘फ्राये रिपब्लिक होरा’, म्हणजे होराचं स्वतंत्र प्रजासत्ताक, नावाचा लांबलचक प्रकल्प हाती घेतला. त्यात दिग्दर्शन कंपनीतल्या नटांनीच करायचं. कोण नाचणार, किती वेळ, कुणाला वगळायचं, हे ठरवणारी खुर्चीही त्यांचीच. २०१६ साली कंपनीला हान्स राइनहार्ट रिंग, म्हणजे स्वित्झर्लंडचा नाट्यक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला.

हे सगळं सांगून झालं की तासाच्या शेवटी मी ती रशेस लावतो. त्याला आणि घरच्यांना विचारून घेतलंय. फोनवर त्यानंच ‘लावा’ म्हटलं, आणि पोरांना टाळ्या वाजवायला सांगा असंही बजावलं. लाइट बंद करतो, काही न सांगता प्ले करतो. गाणं सुरू होतं, तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. साधारण चाळिसाव्या सेकंदाला मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘सर, हँग झालंय का?’